खुलासा : घट्ट ऑइलने डिफरन्शियल ‘बरा’ होत नाही

जुन्या जीपचा मागचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा) गुणगुणू लागला की ९० नंबरचं गिअर ऑइल काढून त्याहून घट्ट १४० नंबरचं टाका, सोबत मूठभर ग्रीस. खोलायची गरज नाही, असा सल्ला जीपवाल्यांत फिरतो आहे. आवाज कमी होतो, हे खरं. दुरुस्ती मात्र होत नाही.

घट्ट ऑइलचा जाड थर दातांचा आवाज दाबतो, एवढंच. झिजलेला दात भरून येत नाही. काही जुन्या पुस्तिकांत उष्ण हवेसाठी १४० चालतं असं दिलेलं असतं, तेव्हा ते विष नव्हे. ग्रीस मात्र नकोच. फिरणारा क्राऊन (आतलं मोठं दातेरी चाक) ऑइल उडवतो आणि ते आतल्या वाटेने पिनियनच्या (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. ग्रीस तिथवर वाहत नाही, आणि बेअरिंग कोरडं पडतं.

आधी आवाज ओळखा. रेस दिल्यावर किंवा सोडल्यावरच घूं-घूं येत असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर. वळणावर बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. गिअर टाकताना ‘टक्’ वाजलं तर बिचारा यूजे क्रॉसही (डिफरन्शियलकडे येणाऱ्या फिरत्या दांड्याच्या सांध्यातला फुलीसारखा तुकडा) दोषी असू शकतो!

खोललंच तर नुसता पिनियन बदलू नका. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने जुळवलेले असतात, जोडीच घ्या. शिम (पातळ चकत्या) लावून पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) आणि बॅकलॅश (दोन्हींच्या दातांमधली मोकळीक) बसवावा लागतो. बॅकलॅश मिलिमीटरच्या दशांशात असतो, त्यामुळे डायल गेज (इतकं बारीक अंतर मोजणारं काट्याचं उपकरण) नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका.