‘सोयाबीनमध्ये एकरी ३८ हजार नफा’ वाल्या मेसेजचा हिशोब

आठवडाभर एकच मेसेज चार ग्रुपवर आलाय. त्यात असं लिहिलंय की सोयाबीनला एकरी खर्च १५ हजार, उतारा १० क्विंटल, हमीभाव (२०२५-२६ चा) क्विंटलला ५३२८, म्हणजे चार महिन्यात ३८ हजार निव्वळ नफा. पुढे असंही लिहिलंय की हमीभाव आहे म्हणून तोटा होऊच शकत नाही, भाव पडला तर माल ठेवा नाहीतर पीक बदला, टॅक्सही नाही, आणि खरंच तोटा असता तर कोणी पेरलंच नसतं. आमची जमीन लातूर भागात, २०२४ च्या खरिपाची वही मी स्वतः लिहिलीय, म्हणून उत्तर देतोय.

आधी तो १५ हजारांचा खर्च. आमचा एकरी असा झाला: नांगरणी-रोटाव्हेटर ३०००, बियाण्याची बॅग ३०००, पेरणी ८००, डीएपी खत १३५०, तणनाशक मजुरीसकट १८००, दोन फवारण्या ३०००, काढणी ४५००, रास (मळणी) करायला क्विंटलला ३०० प्रमाणे २१००, गाडीभाडं-हमाली-तोलाई ९००. बेरीज २०,४५०, आणि हे फक्त खिशातून गेलेले पैसे. उतारा ७ क्विंटल आला, जो वाईट नाही कारण राज्याची सरासरी बहुतेक वर्षी एकरी ४-५ क्विंटलच्या आसपासच असते. १० क्विंटल येतात, नाही असं नाही, पण भारी काळी जमीन आणि वेळेवर पाऊस असेल तर, आणि ते १५ हजारात येत नाहीत. खत-फवारणी वाढवत नेलं की सुरुवातीला उतारा चांगला वाढतो, मग वाढ कमी कमी होत जाते, आणि एक वेळ अशी येते की शेवटच्या बॅगेचे पैसेसुद्धा निघत नाहीत. मेसेजवाल्याने खर्च कमी उताऱ्याचा घेतलाय आणि उतारा जास्त खर्चाचा.

मोंढ्यात भाव मिळाला ४१५०. सात क्विंटलचे २९,०५०, खर्च वजा जाता हातात ८,६००. यालाच लोक नफा म्हणतात आणि माझं सगळं भांडण इथेच आहे. त्या एकरात आई-वडिलांचे मिळून २४ दिवस गेलेत, तेच दुसऱ्याच्या रानात गेले असते तर ३५० रोजाने ८,४०० मिळाले असते. उरले २०० रुपये. आणि जमीन? ती ठोक्याने (ठराविक भाड्याने) दिली असती तर या हंगामाच्या वाट्याला ६ हजार तरी आले असते, ते धरले की उणे ५,८००. कृषी केंद्रातल्या उधारीचं व्याज मी अजून धरलेलंच नाही. दुकानदार स्वतःच्या गाळ्याचं भाडं आणि स्वतःचा पगार धरल्याशिवाय नफा सांगत नाही, मग शेतकऱ्याच्या आईची मजुरी फुकट कशी धरायची?

आता हमीभाव. २०२४-२५ ला सोयाबीनचा ४८९२ होता. कृषी मूल्य आयोगाने क्विंटलला खर्च धरला ३२६१ आणि सरकारने त्याच्या दीडपट भाव दिला. या खर्चात रोखीचा खर्च आणि घरच्यांची मजुरी येते, पण स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज येत नाही, ते ‘सी-टू’ खर्चात येतं. शिवाय तो आकडा सगळ्या राज्यांची सरासरी आहे, आमचा तोच खर्च क्विंटलला ४१२१ पडला. आणि हमीभाव जाहीर झाला म्हणजे मिळाला असं नसतं, त्या वर्षी ऐन हंगामात बाजार हमीभावाच्या कितीतरी खाली होता, सरकारी खरेदीत ओलाव्याची अट जास्तीत जास्त १२ टक्के, ती नोव्हेंबरात १५ केली, तोवर ज्याला रब्बीचं बियाणं घ्यायचं होतं त्याने माल विकून टाकला होता. बरं, आम्ही सगळं ४८९२ ने विकलं असतं तरी जमिनीचं भाडं धरून ६०६ रुपये कमीच पडत होते!

माल ठेवायचं म्हणाल तर बाजार समितीत तारण ठेवून ६ टक्क्यांनी किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, योजना चांगली आहे आणि घ्यावी. पण ठेवलं की भाव वाढतोच ही खात्री कोणी द्यायची? ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन १० हजारांच्या घरात गेलं होतं, त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंड (तेल काढून उरलेली पेंड) आयातीला परवानगी मिळाली, भाव उतरला, आणि पुढची दोन वर्षं तोच भाव परत येईल म्हणून ज्यांनी थप्प्या ठेवल्या त्यांनी शेवटी पाच हजारांच्या खाली विकलं.

पीक बदला, कांदा लावा हेही ऐकतो. यंदा भाव चांगला म्हणून सगळे लावतात, पुढच्या वर्षी ढीग लागतो, आणि कांदा स्वस्त झाला म्हणून घरात कोणी दुप्पट खात नाही, त्यामुळे आवक थोडी वाढली तरी भाव धाडकन पडतो. त्यात ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. हे लागवडीच्या वेळी कोणाला माहीत होतं?

टॅक्सचं थोडक्यात. शेती उत्पन्नावर आयकर नाही, बरोबर. पण कीटकनाशकावर १८ टक्के आणि खतावर ५ टक्के जीएसटी आम्ही भरतो आणि कारखानदारासारखं तो वळता करून मिळत नाही.

राहिलं ‘तोटा असता तर पेरलं कशाला’. पेरलं तर रोखीचा खर्च निघून ८,६०० हातात येतात, रान पडीक ठेवलं तर शून्य येतात आणि वर तण माजतं. ज्याला गावातच राहायचं आहे, रोज काम मिळेलच असं नाही आणि ठोक्याने घेणारा दरवर्षी सापडत नाही, तो पेरणारच, आणि त्याचा तो निर्णय बरोबरच आहे. फक्त त्या पैशात घर चालतं, विहिरीची मोटर बदलायला काही उरत नाही. आमची मोटर तीनदा रिवाइंड झालीय, नवी घ्यायचं दोन वर्षांपासून पुढे ढकलतोय.