‘रिझ’ आपला नाही, ‘रिझवणे’ आपलं आहे

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०२३ चा शब्द म्हणून ‘रिझ’ (म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी) निवडला, तेव्हापासून बडोद्यात आमच्या नातलगांत त्यावरून वाद चालू आहे. मामा म्हणतात, हे आपलंच ‘रिझवणे’, इंग्रजांनी उचललं. मावशीला तो शब्द कानावरही नको. असल्या शब्दांनी पोरांची मराठी बिघडली, असं तिचं म्हणणं. मी लंडनला राहते, माझ्या लेकीच्या तोंडी तो दिवसभर असतो, आणि मला दोघांचंही पटत नाही.

मामा, तो शब्द ‘करिझ्मा’च्या मधला तुकडा आहे. ‘इन्फ्लुएंझा’तून ‘फ्लू’ निघाला, तसाच. ‘काय सेनात’ (Kai Cenat) नावाच्या, इंटरनेटवर थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या अमेरिकन स्ट्रीमरमुळे तो पोरांत पसरला. ‘करिझ्मा’ मुळात ग्रीक, म्हणजे दैवी कृपेचं देणं. आपलं ‘रिझणे’ आलं प्राकृत ‘रिज्झइ’वरून, त्याच्यामागे संस्कृत ‘ऋध्’ धातू. उच्चार जुळले, एवढंच.

ओढूनताणून नातं जोडलं की अर्थातला फरक दिसेनासा होतो, आणि मला जपायचाय तो नेमका तोच. रिझ एखाद्याकडे असतो किंवा नसतो, आणि बहुतेक वेळा तो कुणाला तरी पटवण्यापुरताच लागतो. रिझवायचं ते दुसऱ्याला, आणि त्यासाठी खपावं लागतं. दांडिया बाजारातल्या घरी बाळ रडायला लागलं की आजी त्याला कडेवर घेऊन खिडकीशी जायची, बांगड्या खुळखुळवायची, खालच्या भाजीवाल्याला मुद्दाम हाक मारायची. काय चाललंय विचारलं तर म्हणायची, ‘रिझवतेय त्याला.’ शेजारच्या गुजराती बा ‘रीझववुं’ म्हणत, ते रुसलेल्या नातीसाठीही आणि देवघरातल्या ठाकोरजींसाठीही.

मावशीचा राग मला कळतो. पण इथे कोशकारांनी पोरांचा शब्द टिपून घेतला, त्याने इंग्रजीचं काही बिघडलं नाही. बडोद्याची मराठीही पिढ्यानपिढ्या गुजरातीच्या शेजारात वाढली, तरी आजीच्या तोंडी ‘रिझवणे’ होतंच. परवा व्हिडिओ कॉलवर नातू किरकिरायला लागला, तेव्हा मावशीच सुनेला म्हणाली, ‘अगं, त्याला जरा एंटरटेन कर.’ मावशी, तिथे ‘रिझव’ म्हणायला तुला कुणी अडवलं होतं? माझ्या लेकीने तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. आता मी घरात वापरते, तूही नातवापाशी वापर.