बेंजामिन टर्नर यांचा हिशेब

१८६६ साली अमेरिकी सरकारने कापसावरचा कर वाढवून पौंडामागे ३ सेंट केला. ४०० पौंडांची गाठ धरली तरी एका गाठीवर १२ डॉलर होतात, आणि ज्या हातांनी हा कापूस वेचला होता त्यांतले बहुतेक हात जेमतेम वर्षभरापूर्वी गुलामगिरीतून सुटलेले होते. १८६८ साली कर रद्द झाला, पण तोवर सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर सरकारी तिजोरीत जमा झाले होते. हे पैसे परत करा, अशी मागणी १८७२ साली अमेरिकी काँग्रेसमध्ये अलाबामाच्या एका सदस्याने केली. त्यांचे नाव बेंजामिन स्टर्लिंग टर्नर. त्या काळातल्या राजकारण्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, तरी या माणसाविषयी आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही, आणि मला ते मनापासून खटकते.

टर्नर १८२५ साली नॉर्थ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मले आणि पाच वर्षांचे असताना मालकिणीबरोबर अलाबामातल्या सेल्मा गावी आले. विसाव्या वर्षी त्यांना विकण्यात आले. नव्या मालकाचे हॉटेल होते. ते हॉटेल आणि घोड्यांचा तबेला सांभाळता सांभाळता टर्नर धंदा शिकले आणि स्वतःची कमाईही साठवू लागले. कायद्याच्या नजरेत जो माणूस स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होता, ज्याची प्रत्येक बचत मालकाच्या मर्जीवर टिकून होती, त्याने पै-पै जोडून व्यवसाय उभा केला, हे वाचताना मी दर वेळी थांबतो. कोणाच्या खोलीचे भाडे थकले आहे, कोणत्या घोड्याला नाल मारायची आहे, दाण्याचा भाव काय चालला आहे, हे सगळे ध्यानात ठेवणारा, चोरून लिहायला-वाचायला शिकलेला तो तरुण मला डोळ्यांसमोर दिसतो.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या अखेरीस, २ एप्रिल १८६५ रोजी, उत्तरेच्या घोडदळाने सेल्मा जिंकले. तिथे दक्षिणेचा मोठा शस्त्रकारखाना होता. तो तर उद्ध्वस्त झालाच, पण गावाचा मोठा भागही जळाला. जे सैन्य टर्नर यांच्यासाठी स्वातंत्र्य घेऊन आले, त्याच सैन्याच्या त्या स्वारीत त्यांचा धंदा बुडाला. पुढे त्यांनी ८,००० डॉलरच्या भरपाईचा दावा दाखल केला, पण ती मिळाली की नाही हे स्पष्ट नाही. तरीही त्यांनी व्यापार आणि शेती पुन्हा उभी केली आणि सेल्मात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढायला हातभार लावला. १८६७ साली ते डॅलस काउंटीचे कर वसूल करणारे अधिकारी झाले आणि नंतर नगर परिषदेवर गेले. १८७० साली निवडणुकीच्या खर्चासाठी त्यांनी एक घोडा विकला आणि अलाबामातून काँग्रेसमध्ये निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले.

कापूस कराचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो तो याच पार्श्वभूमीवर. टर्नर यांनी कोणाकडे दया मागितली नाही; ज्यांनी राबून पीक काढले त्यांच्या घामातून गेलेला पैसा त्यांना परत द्या, एवढेच ते म्हणत होते. सरकारने जमीन विकत घेऊन ती लहान तुकड्यांनी भूमिहीनांना विकावी, ही त्यांची मागणीही त्याच हिशेबातून आली होती, कारण मतदानाचा हक्क मिळाला तरी हातात भांडवल आणि पायाखाली जमीन नसेल तर तो हक्क फार दिवस टिकवता येत नाही, हे धंद्यात मुरलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मी वऱ्हाडातला आहे, म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवतो: लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाशी टक्कर देताना हा कर अमेरिकी शेतकऱ्याला जड जाईल, असे कराचे विरोधक सांगत असत. युद्धकाळात भाव चढल्यामुळे आमच्याकडे वाढलेला कापसाचा पेरा असा सेल्माच्या शेतमजुराच्या ताटाशी जोडलेला होता.

कराची रक्कम कधीच परत मिळाली नाही. टर्नर यांना सभागृहात ते भाषण करताही आले नाही. ते अधिकृत वृत्तांताच्या पुरवणीत छापून घ्यावे लागले.

बंड केलेल्या दक्षिणी पुढाऱ्यांना माफी द्यावी, या त्यांच्या भूमिकेशी मात्र मी सहमत नाही. जळालेले गाव पुन्हा उभे करायचे तर शेजाऱ्याशी कायमचे वैर परवडत नाही, हा विचार मला समजतो. पण माफी मिळालेल्यांनी थोड्याच वर्षांत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला, आणि टर्नर यांच्या औदार्याची परतफेड त्यांच्याच लोकांना भोगावी लागली.

१८७२ च्या निवडणुकीत फिलिप जोसेफ हे कृष्णवर्णीय संपादक अपक्ष उभे राहिले, मते फुटली आणि डेमोक्रॅटांचा पाठिंबा असलेले फ्रेडरिक ब्रॉमबर्ग निवडून आले. टर्नर पुन्हा व्यापाराकडे वळले, पण त्या दशकातल्या मंदीत धंदा बसला आणि उरलेले आयुष्य त्यांनी शेतीवर काढले. २१ मार्च १८९४ रोजी ते वारले तेव्हा हाताशी जवळजवळ काहीच उरले नव्हते. सेल्माच्या लाइव्ह ओक स्मशानभूमीत त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो १९८५ साली बसला, गावातल्या गोऱ्या आणि काळ्या नागरिकांनी मिळून बसवला.