लघवीची धार मध्येच अडवणं हा व्यायाम नव्हे

साठी उलटलेल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर गुलाबाची फुलं, खाली ‘किमान दहा भगिनींना पाठवा’. मधला मजकूर थोडक्यात असा: उतारवयात खोकताना, शिंकताना लघवी गळते, त्यावर रामबाण उपाय म्हणजे दर वेळी लघवी करताना धार चार-पाचदा मध्येच अडवायची. सोबत रोज दहा मिनिटं कपालभाती आणि मूलबंध. दुपारी चारनंतर पाणी बंद. सात दिवसांत फरक, एकवीस दिवसांत कायमची सुटका. सत्तरी ओलांडली असेल तर मात्र स्नायू मेलेले असतात, तेव्हा पॅड वापरा आणि देवाचं नाव घ्या. डॉक्टरकडे जाऊ नका, ते थेट ऑपरेशनच सांगतात.

एरवी मी असल्या मेसेजांशी भांडत बसत नाही. पण हा माझ्या आत्यापर्यंत पोचला. आत्या एकाहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका. लेखी सूचना दिसली की ती पाळायची, हे हाडीमाशी मुरलेलं. तिने सगळं मन लावून केलं आणि काही दिवसांनी लघवीची जळजळ, थंडी-ताप, तपासणी, अँटिबायोटिक. या वयात लघवीचा संसर्ग एरवीही होतो, त्यामुळे सगळं खापर मेसेजवर फोडता येणार नाही, हे मान्य. पण संसर्गाला आवतण द्यायचं असेल तर नेमकं काय करावं, याची यादी कुणी मागितली असती तर ती जवळपास अशीच झाली असती.

धार अडवण्यापासूनच सुरू करते, कारण सगळ्यात घातक तेच आहे. लघवी होताना मूत्राशय आकुंचन पावतं आणि त्याच वेळी खालचे, लघवीची वाट आवळून धरणारे स्नायू सैल पडतात. हा ताळमेळ मेंदू आणि मज्जारज्जू सांभाळतात. आपण मध्येच जोर लावून धार तोडली की खालचं दार बंद होतं आणि मूत्राशयाला थांबायचा निरोप जातो. पुन्हा सुरू केलं तरी ते पूर्ण रिकामं होईलच असं नाही. आत उरलेली लघवी म्हणजे जंतूंची सोय. दिवसातून सात-आठ वेळा लघवीला जाणारी बाई दर वेळी चार-पाचदा धार तोडते आहे, हे डोळ्यांसमोर आणा. आपण तिला मूत्राशय अर्धवट रिकामं करण्याचा सराव देतो आहोत, तोही रोज.

मग हे आलं कुठून? अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, आणि आजही जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नेमका कोणता स्नायू आवळायचा हे बाईला कळावं म्हणून पुढे ‘एकदा धार थांबवून बघा, जे आवळलं जातं तेच’ असं सांगितलं जाऊ लागलं. ती फक्त स्नायू ओळखायची खूण होती, एकदाच करून बघायची. कुणीतरी त्या खुणेलाच व्यायाम करून टाकलं आणि वर ‘दर वेळी’ चिकटवलं.

खरा व्यायाम लघवी झाल्यावर, मूत्राशय रिकामं असताना करायचा. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून सुरुवात केली तर सोपं जातं. चारचौघांत गॅस अडवताना मागचा भाग जसा वर ओढला जातो तसा तो ओढायचा आणि त्याबरोबर पुढचाही, आत आणि वर. श्वास चालू ठेवायचा. पोट, मांड्या, कुल्ले सैल. तीन-चार सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं, आणि जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत वाढवायचं. नुसतं आवळणं नव्हे, पूर्ण सैल सोडणंही व्यायामाचाच भाग आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत दिवसातून तीन वेळा, दर वेळी निदान आठ आकुंचनं, आणि जाणकाराच्या देखरेखीखाली किमान तीन महिने, असं प्रमाण दिलंय. खोकताना-शिंकताना गळणाऱ्या बायकांसाठी हा पहिला उपाय आहे.

‘देखरेखीखाली’ हे शब्द वगळून कुणी हा परिच्छेदही फॉरवर्ड करू नये. 1991 साली अमेरिकेत 47 बायकांना तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला लावला आणि यंत्राने मोजलं. साधारण निम्म्या बायकांनाच तो नीट जमला. चौघींतली एक तर आत ओढण्याऐवजी उलट खाली जोर देत होती, म्हणजे गळणं वाढेल असंच काहीतरी करत होती. समोर बसून सांगितलं तेव्हाची ही गत. मेसेज वाचून किती जणींना जमत असेल?

आता ते ‘सत्तरीनंतर स्नायू मेलेले असतात’. हे वाक्य लिहिणाऱ्याला मला खरंच भेटायचंय. 2020 साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 362 बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, सरासरी वय अडुसष्टच्या आसपास. खोकताना गळणाऱ्या, किंवा त्यासोबत घाईची कळही येणाऱ्या. आधी प्रत्येकीला एकटीला बसवून, स्नायू नीट आवळला जातोय ना हे तपासून शिकवलं. मग काही जणींना फिजिओथेरपिस्टने एकेकटीला, तर काही जणींना आठ-आठच्या गटात, आठवड्यातून एकदा असं बारा आठवडे प्रशिक्षण दिलं. घरचा सराव वेगळा. वर्षभरानंतर मोजलं तेव्हा कपडे ओले होण्याचे प्रसंग दोन्हीकडे सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी झालेले होते. एकटीला शिकवलेल्यांत 70, गटातल्यांत 74.

या अभ्यासातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. वय आडवं आलं नाही. फायदा प्रशिक्षण संपल्यावरही बऱ्याच अंशी टिकला. आणि गटात शिकवलेल्या बायका कुठे मागे पडल्या नाहीत. आपल्याकडे दर गावात भजनी मंडळ आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहे, सकाळचा योगवर्ग आहे. आठ बायका जमवायला कसला त्रास? आधी एकेकीला तपासून शिकवणारी एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हवी, ती मात्र सगळीकडे सहज मिळत नाही, हे खरं. पण महिला मंडळ व्याख्यानाला पाहुणे बोलावतंच, एखाद्या वर्षी तिला बोलवा. त्या हॉलमध्ये बसलेल्या कितीतरी जणी एसटीचा प्रवास आणि लग्नाच्या पंगती याच एका कारणाने टाळत असतात आणि घरी ‘गुडघे दुखतात’ म्हणून सांगतात.

सात दिवसांच्या दाव्यात मात्र एक अर्धं सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावं लागतं. खोकला किंवा शिंक येण्याच्या क्षणभर आधी हा स्नायू आवळून धरायची युक्ती आहे. वयस्क बायकांवरच्या एका छोट्या अभ्यासात आठवडाभरात ती शिकून खोकताना होणारी गळती बरीच कमी झालेली दिसली होती. पण ते बरं होणं नव्हे. वेळेवर आवळता आलं म्हणून त्या वेळी गळलं नाही, इतकंच. स्नायूत ताकद यायला तीन महिने लागतात आणि सराव सोडला की ती ओसरते. एकवीस दिवसांत कायमची सुटका हे जाहिरातीचं गणित आहे.

पाण्याबद्दल. दुपारी चारपासून पाणी बंद केलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चुरचुरते आणि कळ उलट वारंवार येते. त्यात बद्धकोष्ठ होतो, आणि संडासला कुंथण्याने तेच खालचे स्नायू ताणले जातात. झोपण्याआधीचे दोन तास पाणी बेताचं ठेवा, चहा-कॉफी कमी करून बघा, एवढं ठीक. उन्हाळ्यात, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, साठीच्या बाईला संध्याकाळभर कोरडं ठेवणं धोक्याचं आहे.

कपालभातीत पोटाचे झटके बसतात आणि दर झटक्याला दाब खाली जातो. ज्या बाईला खोकल्याच्या दाबानेही गळतं, तिने निदान खालचे स्नायू सावरेपर्यंत ती करू नये, असं माझं मत. मूलबंधात मात्र तोच भाग वर ओढला जातो, त्यामुळे त्याला माझा विरोध नाही, फक्त तो नीट शिकावा. योगामुळे फायदाच होत नाही असंही नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत पंचेचाळिशीपुढच्या 240 बायकांपैकी निम्म्यांनी बारा आठवडे योगासनं केली, निम्म्यांनी ताणाचे आणि ताकदीचे साधे व्यायाम. दोन्ही गटांत गळणं कमी झालं, योगाला खास आघाडी काही मिळाली नाही. तेव्हा जे आवडेल ते करा, पण ऋषिमुनींना यात ओढू नका.

मेसेजला ज्याची गंधवार्ताही नाही ती गोष्ट म्हणजे गळण्याचे प्रकार. खोकताना गळणं वेगळं, आणि अचानक कळ येऊन बाथरूमपर्यंत पोचण्याआधीच सुटणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मूत्राशयालाच वळण लावावं लागतं. कळ आली की पळायचं नाही. जागीच थांबायचं, खालचा स्नायू पटापट काही वेळा आवळायचा, कळ ओसरू द्यायची, मग चालत जायचं. दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं, याला निदान सहा आठवडे द्यावे लागतात. रात्री अंधारात बाथरूमकडे धावताना पडून खुबा मोडण्यापेक्षा हे शिकणं कधीही बरं.

राहिले डॉक्टर. ते थेट ऑपरेशन सांगतात म्हणे! नाइसच्या सूचनांत व्यायाम आधी आहे, ऑपरेशनचा विचार नंतर. उलट लघवीतून रक्त जात असेल, जळजळ किंवा ताप असेल, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, लघवी पूर्ण होत नसेल, किंवा हे सगळं अचानक सुरू झालं असेल, तर व्यायामाच्या नादी न लागता आधी डॉक्टरच गाठायला हवेत. साखर तपासून घ्या आणि चालू गोळ्यांची यादी दाखवा, काही गोळ्यांनी लघवी वाढते. जाण्याआधी तीन दिवस एका वहीत लिहा: किती प्यायलं, किती वेळा गेलं, कधी आणि काय करताना सुटलं. केबिनमध्ये सून किंवा मुलगा सोबत असेल आणि बोलायला संकोच वाटत असेल, तर ती वही डॉक्टरांसमोर सरकवा. पुढचे प्रश्न ते विचारतील.