नावं बदलली की झालं?

आज फार चिडून लिहितेय. दुपारी भाच्याबरोबर एका स्पर्धेला गेले होते, मुलांनी स्वतः केलेल्या व्हिडिओ गेम्सची. विषय गॉथिक हॉरर, म्हणजे जुन्या वास्तू आणि घराण्याची दडलेली पापं यांच्या भयकथा. भाच्याचा गेम पाच मिनिटं बघून परीक्षक म्हणाले, "यात गॉथिक कुठंय? किल्ला, वटवाघळं, काळा झगा, असं काहीतरी घाल की. नावं बदलायची, म्हणजे कॉपीराइटचं टेन्शन नाही." पोरगं नुसतं "हो सर" म्हणालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण हा गेम होताना मी बघितलाय. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीत तो मोबाईल धरून पाऊण तास बसला होता, पाण्याचा आवाज टिपायला. कबुतरं फडफडली की थांबायचं, परत सुरू. मला म्हणाला, "मावशी, हलू नकोस ना, तुझ्या बांगड्या वाजतायत." मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि पदरानं आवळून धरल्या. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली विहीर, ११० फूट खोल, आत महाल, भिंतीवर हत्तींना पंजात धरलेलं शिल्प. हे सोडून पोरानं परक्या मुलखातला किल्ला कशाला आणायचा?

आणि नावं बदल म्हणे! ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी १८९७ची. जर्मनीत १९२२ साली तिच्यावरून परवानगी न घेता 'नोस्फेराटू' सिनेमा काढला. काउंट ड्रॅक्युलाचं नाव बदललं, गाव बदललं. स्टोकरच्या विधवा बायकोनं कोर्टात खेचलं आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो आज बघायला तरी मिळतो. नावं बदलून तेव्हा भागलं नाही, आणि हे आपल्या पोरांना आज तेच शिकवतायत. तेही माईकवरून!

ड्रॅक्युला आता मोकळा आहे, घ्या खुशाल. स्टोकर १९१२ मध्ये गेला, आणि आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो. पण नंतरच्या सिनेमावाल्यांनी त्यात जे घातलं ते त्यांचं. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस १८१८च्या कादंबरीतला, पण चपटं डोकं आणि मानेतले बोल्ट हे रूप १९३१च्या सिनेमासाठी घडवलेलं. जुन्या जर्मन संगीतकार बाखचं संगीत मोकळं, पण कुणी वाजवून रेकॉर्ड केलेलं उचललं तर ते रेकॉर्डिंग त्याच्या मालकीचं. हे सगळं मला भाच्यानं समजावलं, विहिरीच्या पायरीवर बसून. म्हणून तर तो स्वतः आवाज टिपत होता.

पहिल्या नंबरचा गेम दिसायला देखणा होता, मान्य. भुताटकीच्या वाड्याची कल्पना कुणाच्या बापाची नाही, तेही मान्य. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच सांगितलंय की कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती मांडण्यावर असतो. पण चाबूकवाला नायक, त्याचा पोशाख, मेणबत्ती फोडली की पडणारी वस्तू, सगळं एका गाजलेल्या जपानी गेममधून जसंच्या तसं. ही कल्पना नाही, ही उचलेगिरी आहे, आणि तिला आज ट्रॉफी मिळाली.

भाच्याच्या गेममध्ये काय आहे सांगू? एक मुलगी आजोळची जमीन विकायला येते. दिवा धरून विहीर उतरताना दर टप्प्यावर सातबाऱ्याचा एक तुकडा सापडतो, आणि त्यावर एक नाव कंसात टाकलेलं, म्हणजे रद्द केलेलं. आत्याचं. नागपंचमीला बांगड्या भरायला म्हणून माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतलेला. तुमच्यापैकी किती जणींच्या घरात हे झालंय, मला विचारायची गरज नाही. १७६४ साली आलेल्या पहिल्या गॉथिक कादंबरीतही हेच आहे हो! आजोबांनी बळकावलेली गादी आणि परत येणारा खरा वारस. वटवाघळं काय, असली काय नसली काय.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. परीक्षक वाईट माणूस नसेल. त्यांनी जे गेम बघितले तेवढंच त्यांना गॉथिक वाटतं, आणि बाहेरच्या खेळणाऱ्याला किल्ला लगेच ओळखू येतो हेही असेल. पण सतरा-अठराच्या पोराला सगळ्यांसमोर "झगा घाल" म्हणताना थोडा विचार करायचा होता.

येताना गाडीवर मागून त्यानं विचारलं, "मावशी, घालू का झगा?" पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलो होतो. मी म्हटलं, "घातलास तर माझ्याशी बोलू नकोस."

घरी आल्यावर त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. खोल, संथ ठिबकणारं पाणी, आणि मध्येच अगदी बारीक किणकिण. पदराखालून निसटलेला माझ्याच बांगडीचा आवाज. म्हणाला, "हा काढून टाकला नाही मी. आत्या जवळ आली की वाजतो."