लेडी मेरी माँटेग्यू आणि देवीची लस : एक खुलासा

‘देवीच्या लसीचा शोध लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी लावला आणि इस्तंबूलमध्ये मुलीवर तिचा पहिला प्रयोग केला’ असा संदेश सध्या फिरत आहे. मीही तो न पडताळता पुढे पाठवला होता; ती चूक माझीच.

लेडी मेरी या इंग्रज उमराव घराण्यातील लेखिका. त्यांचा भाऊ 1713 मध्ये देवीने दगावला आणि दोन वर्षांनी त्या स्वतः या आजारातून वाचल्या, तरी चेहऱ्यावर व्रण राहिले व पापण्यांचे केस गेले. पती इस्तंबूलला ऑटोमन (तुर्की) दरबारी राजदूत असताना 1 एप्रिल 1717 च्या पत्रात त्यांनी तिथली रीत वर्णिली आहे: म्हातारी बाई टणक फळाच्या टरफलात देवीच्या फोडांतला पू घेऊन येते आणि सुईने शीर उघडून तो आत घालते. म्हणजे ही पद्धत तिथे आधीपासून रूढ होती, हे त्यांच्याच लेखणीतून कळते. मार्च 1718 मध्ये त्यांनी टोचून घेतले ते मुलगा एडवर्ड याला. मुलगी मेरी तेव्हा तान्ही होती. तिला 1721 मध्ये लंडनला टोचले.

या टोचणीत खऱ्या देवीचाच पू वापरत, म्हणून ती लस नव्हे. गोस्तन देवीपासूनची (गाईंना होणाऱ्या देवीसारख्या सौम्य आजारापासूनची) इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेनर यांची लस 1796 ची, लेडी मेरी यांच्या मृत्यूनंतर 34 वर्षांनी आलेली. इंग्लंडमध्ये टोचणीचा प्रसार हे त्यांचे श्रेय मात्र निर्विवाद आहे.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा कळवावा.