खुलासा: हिलस्ट्रीम लोच म्हणजे प्लेकोचं पिल्लू नव्हे

‘काचेला चिकटणारा हा चपटा मासा प्लेकोचं पिल्लू आहे, हीटर २८ अंशांवर ठेवा, शेवाळ खाऊन जगतो’ असा फोटोसकट मेसेज फिरतोय. फोटोतला मासा प्लेको (टाकीत पाळला जाणारा, तोंडाने चिकटणारा कॅटफिश) नाही. अंगावरच्या जाळीदार रेघांवरून तो सेवेलिया लिनिओलाटा, म्हणजे व्हिएतनामच्या वाहत्या ओढ्यांतला हिलस्ट्रीम लोच आहे.

ओळख काचेतून खालून बघून पटते. प्लेको तोंडाने चिकटतो, अंगावर हाडांची कवचं असतात. लोच पसरलेल्या परांची चकती करून चिकटतो, तोंड इवलंसं. फसगत समजण्यासारखी आहे, माझीही झाली होती.

पण त्या सल्ल्याने मासा दगावू शकतो. त्याला २० ते २४ अंशांचं, जोरात वाहणारं, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. नव्या टाकीत तर सोडूच नका. जुनी, स्थिरावलेली टाकी हवी, कारण तो दगडांवरचा शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा थर खरवडून खातो. तेवढ्यावर भागत नाही, खाद्याच्या बुडणाऱ्या गोळ्याही घाला. आणताना पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळा, दिवे बंद ठेवा. पहिले काही दिवस तो दगडाआड दडला तर उकरून काढू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.